दम धरा

“थांबा,” खांब म्हणाला.

मी थांबले. माझा हात धरलेला दिगूही थांबला. मागून येणारी एक बाई मात्र “अगंबाई, कोण बोललं?” म्हणत दोन पावलं मागे सरली.

“खांब बोलतोय, मावशी,” दिगू म्हणाला. “स्मार्ट सिटीचा हाय. आता माणसांनी गप ऱ्हायचं आणि खांबांनी बोलायचं.”

थोड्या वेळाने तो खांब म्हणाला, “चला,” आणि आम्ही तिघांनी जकात नाका चौक ओलांडला. पलीकडे पोचल्यावर मावशींनी खांबाला नमस्कार केला असं दिगूने मला सांगितलं. खरं असेलच असं नाही. दिगूला तिखटमीठ लावायची सवय आहे.

मी हेमलता पोतदार, जन्मापासून आंधळी. ‘दृष्टिबाधित’ वगैरे शब्द मी भाषणांसाठी राखून ठेवते, घरात आणि रस्त्यावर मी आंधळीच. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि व्याकरणाच्या तासाला पोरं मला वचकून असतात. आमचं घर चौकाच्या या बाजूला, कॉलेज त्या बाजूला. मध्ये पाच रस्ते एकमेकांच्या अंगावर धावून येतात आणि त्यांच्यावरून ट्रक, सिटी बस, वडापच्या खच्चून भरलेल्या जीपा, उसाचे ट्रॅक्टर आणि दुचाक्या. बाकी सगळं शहर मी पांढऱ्या काठीने पालथं घातलं असतं, पण तो चौक मला एकटीला कधी ओलांडता आला नव्हता.

दिगू म्हणजे दिगंबर, माझा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो दुसरीत होता आणि मी आठवीत. आईने त्याच्या हातात माझा हात दिला आणि म्हणाली, “चौकात सोडायचा न्हाई.” त्या पठ्ठ्याने तो एकोणतिशी आली तरी सोडला नव्हता. सकाळी मला पलीकडे पोचवून तो फाउंड्रीत जायचा, दुपारी मालकाच्या शिव्या खात परत यायचा आणि मला अलीकडे आणायचा. माझी सुट्टी ती त्याची सुट्टी. पुण्याची एक चांगली नोकरी त्याने अशीच सोडली होती. आता नाशिकच्या एका कारखान्याने त्याला टूलरूममध्ये बोलावलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं आणि हा बाबा जायला तयार नव्हता.

“तुला चौक कोण वलांडून देणार?” त्याचा एवढा एकच प्रश्न.

“देईल कुणीतरी.”

“कुणीतरी म्हंजे कोण? रोजच्या रोज? पावसापाण्यात?”

हात धरणारे पुष्कळ भेटतात, पण कुणी भेटेल या भरवशावर नोकरी होत नाही. त्यामुळे त्या खांबावर माझा डोळा होता असं मी म्हणते. हसायचं तर हसा. आमच्या शहराचा स्मार्ट सिटीत नंबर लागला, तेव्हा मी सगळ्यांसारखीच कुत्सित बोलले होते. पण चौकात खोबणीच्या पिवळ्या फरश्या आल्या, खांबाला बटण आलं, बटणावर उठावाचा बाण आला. बटण दाबलं की सिग्नलला कळायचं की इथे कुणीतरी आंधळं किंवा कुबड्या-चाकाच्या खुर्चीवालं उभं आहे, आणि तो गाड्या जास्त वेळ रोखून धरायचा. वर बोलायचाही. मला काय हवं होतं याहून? मी चार दिवस दिगूबरोबर सराव केला आणि बुधवारी सकाळी त्याला म्हटलं, “आज हात सोड.”

“तायडे…”

“सोड. मी पलीकडे पोचले की तू घरी जायचं आणि नाशिकला फोन करायचा. कबूल?”

त्याने एकदा हात घट्ट दाबला. मग माझा हात सुटला. घामेजलेला होता, त्याचा की माझा कुणास ठाऊक.

बटण दाबलं. खांब म्हणाला, “चला.” काठी पुढे धरून मी उतरले. उजवीकडे थांबलेल्या इंजिनांची गुरगुर, डावीकडे मोकळं. पाऊल, पाऊल, पाऊल. छातीत आनंदाचा नुसता धुमाकूळ चालला होता. रस्त्याच्या बरोबर मधोमध आले आणि खांबातल्या त्याच बाईच्या, त्याच स्वच्छ आवाजात शब्द आला,

“थांबा.”

मी थांबले. व्याकरणाची शिक्षिका मी, आज्ञार्थ ऐकला आणि आज्ञा पाळली. जागच्या जागी, चौकाच्या मधोमध, काठी छातीशी धरून उभी राहिले. मग ती बाई पुढे म्हणाली, “जकात नाका. पुढील बस, रेल्वे स्टेशन.”

तोपर्यंत सिग्नल सुटला होता. पाचही रस्ते एकदम माझ्यावर ओरडले. एक दुचाकी इतक्या जवळून गेली की माझ्या काठीचा शेंडा तुटून पडला. कुणीतरी शिट्टी वाजवत धावत आलं, माझा दंड धरला आणि मला अक्षरशः उचलून कडेला नेलं.

“ओ मॅडम, मधीच का हुभ्या ऱ्हायला?” ट्रॅफिकचे मुजावर हवालदार होते ते. “उरका, उरका म्हणून बोंबलतोय मी कवाधरनं!”

“थांबा म्हणालं ना ते!”

“खांब न्हाई म्हणाला. बसस्टॉप म्हणाला! आज सकाळीच चालू केलाय त्येचा स्पीकर.”

दिगू धावत पोचला. त्याने माझा हात धरला. त्या धरण्यावरूनच मला कळलं की नाशिक संपलं.

घरी आल्यावर आईने नवस बोलला, दिगूने जेवण सोडलं, आणि मी खोलीचं दार लावून संतापाने रडले. भीती वाटली म्हणून नव्हे. मी निम्म्या रस्त्यापर्यंत गेले होते हो! निम्म्या!

दुसऱ्या दिवशी बातमी आली की ज्या कंपनीने ही यंत्रणा बसवली तिचा माणूस चौकात आलाय आणि खांबाचं बोलणं बंद करतोय. शनिवारी आयुक्त मॅडम पाहणीला येणार होत्या. धोका नको, बोलणारे खांब गुंडाळा आणि त्याऐवजी चौकात रंगीत कारंजं बसवा, असं कुणीतरी सुचवलं होतं. मी दिगूला म्हटलं, “मला चौकात ने.”

“कशाला?”

“भांडायला.”

भांडायला म्हटल्यावर तो आला. भांडण बघायला त्याला आवडतं.

कंपनीचे अभियंता तळवलकर पुण्याचे होते. मऊ आवाजाचे, शब्द मोजून वापरणारे. “बाई, झाल्या प्रकाराचं आम्हाला फार वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण यंत्रणेत दोष नाही. सेन्सर अचूक आहेत, वेळ अचूक आहे. ही मानवी चूक होती.”

“मानवी नाही, व्याकरणाची,” मी म्हटलं. “तुमच्या खांबावरचं ‘थांबा’ हे क्रियापद आहे. बसस्टॉपवरचं ‘थांबा’ हे नाम आहे. दोन्ही एकाच बाईच्या आवाजात, वीस फुटांच्या अंतरावर. मी कुठलं ऐकायचं?”

तळवलकरांनी कागद चाळले. मग हळूच म्हणाले, “मूळ इंग्रजी यादीत दोन्हीकडे ‘स्टॉप’ हा एकच शब्द होता. आम्ही तो तसाच मराठीत घातला.”

“आणि ‘चला’? जरा कान द्या.”

समोर सिटी बस लागली होती. कंडक्टर दारात लोंबकळून गळा फाडत होता, “चला, चला, स्टेशन, चला!” सिग्नल लाल होता. मी खांबाऐवजी त्याचं ऐकलं असतं तर माझ्या फोटोला हार लागला असता.

“मग शब्द बदलू या की,” तळवलकर एकदम उत्साहाने म्हणाले. त्याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. आपलं चुकलं हे कळल्यावर तो माणूस फुरंगटून बसला नाही. “थांबाऐवजी ‘कृपया प्रतीक्षा करा’?”

“ते फोनवर ऐकून ऐकून लोकांचे कान किटलेत. ते ऐकलं की माणूस चिडून पुढे जातो.”

“जाऊ नका?”

“हॉर्नमध्ये ‘नका’ बुडालं तर?”

“अरे बापरे. उभे राहा?”

“साहेब, ते शाळेत शिक्षा करताना म्हणतात,” दिगू म्हणाला.

“लाल! नुसतं लाल आणि हिरवा!”

“मी दोन्ही कधी पाहिलेले नाहीत,” मी म्हटलं. “आणि पाहिलेले असते तर तुमच्या खांबाची गरजच पडली नसती.”

आवाज चढला होता माझा. भांडणाच्या भरात मी एक पाऊल मागे घेतलं. मागे फुटपाथ संपत होता.

“दम धर!” दिगू ओरडला.

माझं पाऊल हवेतच राहिलं. पाठीमागून काहीतरी जड, गरम, धडधडत निघून गेलं. वारा माझ्या पदराला लागला. मी पाऊल अलगद फुटपाथवर टेकवलं आणि तशीच उभी राहिले, तोंड उघडं टाकून.

“लागलं का गं?” दिगूने विचारलं.

“दिग्या,” मी म्हटलं, “परत म्हण.”

“काय?”

“आत्ता म्हणालास ते.”

“दम धर?”

दुसरीत असल्यापासून तो चौकात मला हेच सांगत आला होता. ‘थांब’ कधी म्हणाला नाही. दम धर म्हटलं की माझा पाय थांबायचा, डोक्याला विचारायलाही जायचा नाही. आणि सबंध चौकात हे शब्द दुसरं कुणी ओरडत नव्हतं. कुठल्या बसस्टॉपचं ते नाव नव्हतं, कुठल्या कंडक्टरची ती आरोळी नव्हती. निम्मे शब्द हॉर्नमध्ये बुडाले तरी उरलेल्या निम्म्यांतून उलटा अर्थ निघत नव्हता.

“दम धरा,” मी तळवलकरांना म्हटलं. “लिहून घ्या.”

“बाई, हे… हे सरकारी यंत्रणेत कसं चालेल? प्रमाण भाषा…”

“प्रमाण भाषा मीच शिकवते, साहेब. काळजी करू नका.”

मुजावर हवालदार इतका वेळ आमच्याजवळ उभे राहून शिट्टी वाजवत होते आणि ऐकतही होते. त्यांना राहवेना. “आन् मधी अडकलेल्यानं काय करायचं? निम्म्यात गेलेल्याला दम धरा म्हटलं तर ह्या बाईंगत हुबाच ऱ्हाईल की.”

“मग तिथे काय म्हणावं?” तळवलकरांनी विचारलं.

“म्या काय म्हणतो रोज? उरका! उरका की ओ! म्हातारी बी पळती.”

तळवलकरांना हसू फुटलं. पुण्याच्या माणसाला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. “बरं. वेळ संपत आली की उरका. राहिला सुरुवातीचा शब्द. ‘जा’ ठेवू या? छोटा आहे.”

“नाही,” मी म्हटलं. “निघा.”

“का? ‘जा’ काय वाईट आहे?”

“‘जा’ म्हणजे हाकलून दिल्यासारखं वाटतं. ‘निघा’ म्हटलं की माणूस आपणहून, ठरवून पाऊल टाकतो.”

हे खरंच होतं. पण त्या शब्दासाठी मी हट्ट धरला त्याचं आणखी एक कारण होतं, ते मी तळवलकरांना सांगितलं नाही. कारण शेजारीच उभं होतं, चपला घासत.

आवाज द्यायला मुंबईहून कुणी बाई यायच्या तर पंधरा दिवस गेले असते. मी म्हटलं, मीच देते. शुक्रवारी आमच्या कॉलेजच्या वाचनालयात, पंखे बंद करून, पुस्तकांच्या दोन कपाटांच्या मध्ये उभी राहून मी बोलले. “दम धरा,” मागच्या बाकावरच्या टारगट पोरांना सांगावं तसं. “उरका,” परीक्षेची घंटा होत आल्यावर सांगावं तसं. “निघा,” मात्र मला पहिल्या फटक्यात जमलं नाही. तळवलकरांना वाटलं धुळीमुळे.

“तू शनवारी पुन्हा एकटी जाणार?” रात्री जेवताना दिगूने विचारलं.

“जाणार.”

“आन् पुन्हा काय झालं तर?”

“मग नाशिकचं नाव काढणार नाही. तू म्हणशील ते.”

तो आमटी भुरकत राहिला. आई म्हणाली, “दोघं बी आडमुठी. वाडवडलांवर गेलीत.”

शनिवारी सकाळी चौक नेहमीपेक्षा जास्तच गजबजलेला होता. आयुक्त मॅडम येणार म्हणून महापालिकेचे लोक, आयुक्त मॅडम येणार म्हणून महापालिकेचे लोक जमलेत हे पाहायला बाकीचे लोक. माझी नवी काठी अजून हाताला सरावली नव्हती. दिगू शेजारी होता, पण त्याने हात धरलेला नव्हता. आयुक्त मॅडम दुरूनच म्हणाल्या, “पोतदार बाई, तुम्हाला जावंसं वाटत नसेल तर अजूनही नको म्हणा. कुणी दोष देणार नाही.”

“मला वाटतंय,” मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

“दम धरा,” मी म्हणाले. म्हणजे खांब म्हणाला. स्वतःचाच आवाज खांबातून ऐकताना गंमत वाटली. किती कडक बोलते मी! पोरं का घाबरतात ते त्या दिवशी कळलं.

समोर बस येऊन लागली. “चला, चला, चला! स्टेशन, चला!” कंडक्टरने सुरुवात केली. माझे पाय जमिनीवर घट्ट. ओरड बाबा, तुझं चालू दे. “दम धरा,” खांबातली हेमलता म्हणाली. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. मग इंजिनं एकेक करून मंदावली, ब्रेक कुरकुरले, आणि तो शब्द आला.

“निघा.”

मी उतरले.

चार पावलं, सहा, दहा. काठी टकटक करत पुढे. ऊन डाव्या गालावर. मधोमध आले आणि नेमका, जणू माझीच वाट पाहत असल्यासारखा, बसस्टॉप बोलला. “थांबा.” माझ्या मागे फुटपाथवर सगळ्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला, शपथेवर सांगते. “नाम आहे ते!” मी मोठ्याने म्हटलं आणि चालत राहिले.

“उरका,” खांब म्हणाला. उरकलं. पाऊल उचललं, जोरात टाकलं, काठी दगडावर आपटली, पायाखाली पिवळ्या फरशीची खोबण आली. पोचले होते. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा, कुणाचाही हात न धरता, मी जकात नाक्याच्या पलीकडे उभी होते!

टाळ्या सुरू झाल्या. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले, कुणीतरी शिट्टी मारली, ती मुजावर हवालदारांची नव्हती, कारण ते माझ्या शेजारी “वा रं पठ्ठी, वा रं पठ्ठी,” एवढंच म्हणत होते. मी हसत होते आणि रडत होते, आणि मला त्यातलं काहीही लपवायचं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून हाक आली, “तायडे!” आणि धावणाऱ्या चपलांचा आवाज. त्या चपला मी हजारात ओळखीन. दिगू आनंदाच्या भरात, सिग्नल न बघता, तसाच रस्त्यात उतरत होता.

“दम धरा!” खांब कडाडला.

चपला थांबल्या. समोरून ट्रक धाडधाड करत गेला.

मग सगळा चौक हसायला लागला. “काय झालं? काय झालं हवालदार?” मी विचारलं.

“काय न्हाई मॅडम,” मुजावर हसत हसत म्हणाले. “तुमचा भाऊ यक पाय उचलून हुभा हाय. बगळ्यावानी. तुमचं ऐकलं बघा त्यानं.”

आयुष्यभर त्याने मला सांगितलं आणि मी ऐकलं. आज मी सांगितलं होतं आणि तो ऐकून उभा होता, सुखरूप. पलीकडून त्याच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. गाड्या जात होत्या आणि आम्ही दोघं चौकाच्या दोन टोकांना, हात न धरता उभे होतो.

गाड्या मंदावल्या. ब्रेक कुरकुरले.

“निघा,” माझा आवाज म्हणाला.

तो आला. घाईघाईने नाही, एकेक पाऊल टाकत. जवळ येऊन उभा राहिला आणि सवयीने माझा हात धरायला गेला. मी काठी डाव्या हातातून उजव्या, तो नेहमी धरायचा त्या हातात घेतली.

“ऐकलंस ना?” मी म्हटलं. “तो शब्द तुझ्यासाठी होता, दिग्या. निघ आता.”

रविवारी रात्रीच्या गाडीने तो नाशिकला गेला. आता टूलरूमचा मुख्य आहे, बायको-पोरं आहेत. आमच्या शहरात आज प्रत्येक मोठ्या चौकात खांब आहे आणि प्रत्येक खांबात मी आहे. चाकाच्या खुर्चीवरचे आमचे ग्रंथपाल त्याच बटणाने रस्ता ओलांडतात, आणि उगाच घाई करणाऱ्याला लोक म्हणतात, “खांबाचं ऐक की जरा.”

दिवाळीला दिगू येतो तेव्हा मी मुद्दाम त्याला स्टँडवरून आणायला जाते. चौक आला की तो आपोआप थांबतो. पोरं विचारतात, “बाबा, रस्ता मोकळा हाय की, थांबलाय कशाला?”

“आत्यानं सांगितल्याशिवाय न्हाई निघायचं,” तो म्हणतो.